तीन शून्याचा ब्रश पंधरा दिवसांत का मरतो

नवा ब्रश. पहिल्या दिवशी टोक सुईसारखं. तिसऱ्या दिवशी मावळ्याची मिशी काढायला घेतली, तर त्या एका टोकाची दोन झालेली. एक मिशीवर टेकलंय, दुसरं गालावर रेघ ओढतंय. पंधराव्या दिवशी तोच ब्रश केरसुणीसारखा फुललेला आणि डब्याच्या तळाशी गेलेला. मग पुन्हा दुकान, आणि काउंटरवर तोच प्रश्न: "याच्याहून बारीक नंबर आहे का?"

हे चक्र मी पाच-सहा वर्षं इमानेइतबारे फिरवलं. मी रंगवतो ते सगळं छोटं. १:७२ मापाचे सैनिक, म्हणजे उभा माणूस जेमतेम २४ मिलिमीटर. १:३५ चे रणगाड्यावरचे जवान, ते ५० मिलिमीटरच्या आसपास. आणि दिवाळीत भाच्यांच्या किल्ल्यासाठी कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, ज्यांचा एक डोळा कपाळावर आणि एक कानाजवळ असतो. ते पुसून पुन्हा काढायचे. एका वर्षअखेरीस सहज हिशेब मांडला. ऑनलाइन मिळणारे 'बारा बारीक ब्रश'वाले सहा संच, अडीचशेला एक. दीड हजार गेले, बहात्तर ब्रश आले, आणि डिसेंबरात हाताशी धड टोकाचा एकही नव्हता.

त्यानंतर खरेदीची पद्धतच बदलली. आता वर्षाला तीन-चार ब्रश पुरतात, आणि त्यांतल्या एकावरही तीन शून्यं नसतात.

डोळा काढायच्या आतच रंग वाळतो

त्रासाची सुरुवात बहुतेकांची इथून होते, फक्त ती 'टोक बिघडलं' या नावाखाली पुढे येते.

आधी शून्यांची भानगड. ०, ००, ०००. शून्यं वाढतील तसा ब्रश बारीक. ५/० म्हणजे पाच शून्यं, १०/० म्हणजे दहा. या आकड्यांना सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेलं असं माप मात्र नाही. एकीचा १ नंबर दुसरीच्या ० शेजारी ठेवला तर जुळे भाऊ वाटतात. त्यामुळे नंबर बघून ब्रश मागवणं म्हणजे चपलेचा नंबर फोनवर सांगून लग्नातले बूट मागवण्यासारखं आहे.

१०/० मध्ये केस मोजकेच, लांबीही तोकडी. त्यात रंग मावणार किती? टोकावरचा तेवढासा थेंब घेऊन हात पॅलेटपासून चेहऱ्यापर्यंत येईतो अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पाण्यात कालवायचा आणि झटपट सुकणारा रंग, वाळायला लागतो. एप्रिलमधली दुपार असेल आणि डोक्यावर पंखा गरगरत असेल तर विचारूच नका. मग आपण दाबतो. रंग उतरत नाही म्हणून जोर देतो, टोक चेपतं, वाळलेल्या रंगाचा थर केसांवर चढत जातो आणि ब्रश कामातून जातो. तो बारीक होता म्हणूनच गेला, हे ध्यानात यायला मला बहात्तर ब्रश लागले.

रेघ काढतं ते टोक, पण रंग पुरवतं ते पोट. चांगल्या गोल ब्रशचे केस पत्र्याच्या नळीतून बाहेर आले की जरा फुगतात आणि मग निमुळते होत टोकाला मिळतात. १ नंबरच्या ब्रशचं टोक १०/० इतकंच बारीक असू शकतं. फरक एवढाच की त्याच्यामागे पोटभर रंग उभा असतो.

मला हे पेणला एका गणपतीच्या कारखान्यात दिसलं. डोळ्यांची आखणी चालली होती. आखणी करणाऱ्या काकांच्या हातातला ब्रश बघून मी म्हटलं, "काका, एवढा जाड?" त्यांनी मान वर केली नाही. "टोकच टेकवायचंय ना? बाकीचा हवेतच राहतो." मग ब्रश रंगात बुडवला, डाव्या अंगठ्याच्या नखावर टोक अलगद गोल फिरवलं, श्वास धरला, आणि भुवई एका दमात, या कानापासून नाकापर्यंत. मध्ये पुन्हा बुडवणं नाही. दोन फुटी मूर्तीच्या बुबुळात माझ्या सैनिकाचा अख्खा चेहरा मावेल, त्यामुळे मापं वेगळी, कबूल. नखावर टोक फिरवण्याची ती लकब मात्र मी तिथून जशीच्या तशी उचलली. नखावर जादा रंग निघून जातो आणि केस एका ठिकाणी येतात. कागदावर तेच करता येतं, पण नखावर टोक किती बारीक झालंय ते दिसतं.

(काही जण हे ओठांनी करतात. करू नका. १९२० च्या आसपास अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावणाऱ्या मुलींना ओठांनीच टोक करायला शिकवलं होतं. त्यांची जबड्याची हाडं सडली. आपल्या रंगांत रेडियम नसतं, पण कॅडमियम असू शकतं.)

तेव्हा रंग वाळण्यावर इलाज असा: ब्रश १ नंबरचा घ्या, फार तर ०. पंखा बंद करा, किंवा त्याच्या झोतातून बाजूला बसा. आणि पॅलेट ओली ठेवा. त्यासाठी विकतचं काही लागत नाही. चपटा प्लास्टिकचा डबा, तळाला पाण्याने भिजवलेल्या टिश्यूच्या दोन-तीन घड्या, त्यावर बेकिंगचा बटर पेपर. रंग त्या कागदावर काढायचा. खालून ओल मिळत राहते आणि झाकण लावलं तर सकाळचा रंग संध्याकाळीही चालतो. रंगात पाणी घालायला लोक घाबरतात. साधारण दुधाइतका पातळ झाला पाहिजे, सायीसारखा नको.

टोकाची दोन टोकं

ब्रश पाण्यात हलवा, एक झटका द्या आणि उजेडाकडे धरा. केस कुठून वेगळे व्हायला लागतात ते बघा. अगदी शेवटच्या मिलिमीटरात फाटत असतील तर बहुधा रंगाचा किंवा डिंकाचा कण अडकलाय. पण फाटा थेट नळीच्या तोंडापासून पडत असेल, तर दुखणं आत आहे. रंग नळीत शिरून वाळलाय आणि पाचर मारावी तसे केस फाकवतोय.

तो आत जातो कसा? केसांमधल्या फटींतून रंग आपोआप वर चढतो, वातीतून तेल चढतं तसा. आपण ब्रश नळीपर्यंत बुडवत असू, तर त्याला चढायचे कष्टही पडत नाहीत. म्हणून निम्म्या केसांच्या वर रंग जाऊ द्यायचा नाही, आणि दर चार-पाच मिनिटांनी काम थांबवून ब्रश पाण्यात खळबळायचा, रंग तोच असला तरी. ही सवय लागेपर्यंत मी मोबाइलवर टायमर लावत असे. घरच्यांना वाटायचं कुकरच्या शिट्ट्या मोजतोय.

फाटलेला ब्रश परत आणायचा असेल तर साधा अंगाचा साबण घ्या, तळहातावर फेस करा आणि ब्रश त्यात गोल गोल फिरवा. दाबून रगडू नका. 'स्वच्छ' ब्रशातून दोन मिनिटांत रंगीत फेस यायला लागतो आणि माणूस ओशाळतो. फेस पांढरा होईपर्यंत चालू द्या. शेवटी थोडा फेस केसांतच ठेवून बोटांनी टोक करा आणि रात्रभर तसंच वाळू द्या; सकाळी धुवा. एवढ्याने न सुटलेला वाळका अ‍ॅक्रिलिक सॅनिटायझरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ पडतो. कोविडमधल्या उरलेल्या बाटल्या माझ्या अशाच संपल्या. सिंथेटिक ब्रशला हे बिनधास्त चालतं. खऱ्या केसाच्या ब्रशला क्वचितच, कारण केस कोरडे पडतात. अल्कोहोल दांड्याला लागू देऊ नका. माझ्या दोन ब्रशांचे नंबर असेच पुसले गेले आणि आता ते अंदाजाने ओळखावे लागतात.

खऱ्या केसांच्या ब्रशला अधूनमधून केसांचं कंडिशनर लावून धुतलं तर मऊपणा येतो. खोबरेल तेल मात्र नाही. हे मला सांगावं लागतंय कारण आमच्या आईने एकदा माझे सगळे ब्रश 'किती रुक्ष झालेत' म्हणून तेल लावून ठेवले होते. तेलकट केस पाण्यातला रंग धरत नाहीत. तीन वेळा साबणाने न्हाऊ घालावं लागलं.

एखादाच केस बाहेर निघाला असेल तर उपटू नका, शेजारचे सैल होतात. त्याला वेगळा धरून धारदार पात्याने नळीजवळ कापा. टोक सारखं करायला म्हणून कात्री कधीही लावू नये. केसाचं नैसर्गिक निमुळतेपण एकदा छाटलं की ते परत येत नाही.

टोक हुकासारखं वळतं

हे फक्त सिंथेटिकला होतं, आणि आज ना उद्या होतंच. नायलॉनचा तंतू खडबडीत प्राइमरवर, म्हणजे रंगाआधी मारलेल्या अस्तरावर, घासून घासून एका बाजूला वळतो. पाणी गरम करा. आधण यायच्या आधीचं, बोट क्षणभरच टेकवता येईल इतपत. त्यात फक्त केसांचा भाग सात-आठ सेकंद धरा, नळी बुडवू नका, नाहीतर आतला गोंद सुटतो. बाहेर काढून लगेच बोटांनी सरळ करा आणि गार पाण्यात बुडवा. टोक सरळ होतं. किती दिवस? एक-दोन बैठका. तिसऱ्यांदा गरम पाणी करायची वेळ आली की त्या ब्रशला रंग कालवायच्या कामाला लावावं.

दुकानात

आता मुख्य गोष्ट. नव्या ब्रशचं जे सुईसारखं टोक आपल्याला भुरळ घालतं, ते बहुतेकदा डिंकाचं असतं. वाहतुकीत केस विस्कटू नयेत म्हणून कारखान्यातच डिंकाने ते चिकटवतात आणि वर प्लास्टिकची नळकांडी चढवतात. त्या टोकावरून ब्रश पारखणं म्हणजे मेकअपवरून तब्येत ओळखणं. डिंक धुतल्यावर काय उरतं ते बघायला हवं, आणि ते संच मागवून कधीच बघता येत नाही. म्हणून ब्रश सुटा आणि दुकानातून घ्यायचा.

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात पहिल्यांदा हे केलं तेव्हाचा संवाद असा:

"दादा, अर्धा ग्लास पाणी मिळेल?"

"प्यायला?"

"नाही, ब्रश बुडवायला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ग्लास आणला. पाचच्या पाच ब्रश पाण्यात हलवले, डिंक सुटू दिला, एकेकाला मनगटाने एक झटका दिला. झटक्यानंतर चांगल्या ब्रशचे केस आपोआप एका टोकात येतात. बोट लावावं लागत नाही. पाचांतले दोन आले. एकाचं टोक चपटं राहिलं, दोघांचे केस फाकलेलेच. सगळे एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे. मग टोकात आलेल्या दोघांना नखावर टेकवून वाकवलं. सोडल्यावर लगेच सरळ होतो की नाही, ते बघायचं. दोन्ही घेतले. हल्ली त्या दुकानात गेलो की ग्लास न मागता पुढे येतो, आणि 'यातला बघा' म्हणून त्यांनीच एखादा बाजूला काढलेला असतो. कुणी पाणी लावू देत नसेल तर त्याचंही चुकत नाही, ओला ब्रश विकायचा कुणाला? मग 'मी ओला केलेला प्रत्येक घेतो' म्हणून दोनच मागा आणि सुक्यातच नीट बघा: नळी चिरलेली नको, ती दांड्यावर हलायला नको, केस मधोमध निघालेले हवेत.

नावांनी फसू नका. 'कॅमल हेअर' लिहिलेल्या ब्रशात उंटाचा केस नसतो. खार, घोडा, बकरी, मिळेल त्याचा असतो. आपल्याकडचा उंट छाप ब्रश तर निव्वळ ब्रँडचं नाव. 'व्हाइट सेबल' हे सिंथेटिकचं गोड नाव आहे. खरा 'कोलिन्स्की सेबल' हाही सेबल या प्राण्याचा नसून सायबेरियन वीझल नावाच्या दुसऱ्याच छोट्या प्राण्याच्या शेपटीचा असतो. तो जगातला सगळ्यात चांगला बारीक ब्रश, यात वाद नाही: त्या केसावरच्या सूक्ष्म खवल्यांत पाणी धरून राहतं, पोट भरपूर, आणि टोक वर्षानुवर्षं टिकतं. विन्सर अँड न्यूटनच्या सिरीज ७ ची गोष्ट प्रसिद्धच आहे. १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी उत्तमोत्तम ब्रश करायचा हुकूम आला आणि तिचा आवडता नंबर ७, म्हणून मालिकेचं नाव सिरीज ७. राणीला तीन शून्याचा हट्ट धरावासा वाटला नाही, एवढंच मी बघतो.

कोलिन्स्कीचा १ नंबर हजाराच्या वर जातो. शिवाय तो प्राणी 'सायटीस' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे, आणि तो तिथे भारतानेच घातलेला आहे. त्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांवरून २०१३ च्या सुमारास अमेरिकेत ब्रशांची आयात अडकली होती. परदेशातल्या मावशीला 'येताना दोन आण' सांगण्याआधी हे डोक्यात असू द्या. मी त्या वाटेला जात नाही. नायलॉनवर माझं भागतं.

आणि एक ब्रश कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. दुकानदार कधी कधी आवाज खाली आणून, खालच्या खणातून 'खास माल' काढतो. केस बघा: टोकाला गडद, मध्ये फिकट पट्टा, खाली पुन्हा गडद. ते मुंगूस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा ब्रश विकणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' काढून उत्तर प्रदेशातल्या शेरकोटसारख्या ब्रशच्या गावांत छापे घातले. राजस्थानी लघुचित्रकार पूर्वापार खारीच्या शेपटीचे केस वापरत आले, तो ब्रश पाणरंगाला लोण्यासारखा. पण वाकून पुन्हा सरळ व्हायचा ताठा त्याला नाही, अ‍ॅक्रिलिकच्या ओझ्याने तो मान टाकतो, त्यामुळे आपल्या कामाचा तोही नाही.

मग घ्यायचं काय? माझी गाडी कॅमलच्या (तोच तो उंट छाप) सिरीज ६६ वर चालते, गोल, सोनेरी सिंथेटिक. शंभर रुपयांच्या आत येतो. १ नंबरचे दोन, एक डोळे-मिशा-बटणांना आणि एक बाकी सगळ्याला. ४ नंबरचा एक, अंगरखे आणि घोड्यांना. चेहऱ्याचा ब्रश चेहऱ्यालाच. धातूचे रंग त्याला लावायचे नाहीत, त्यातली चमकी केसांत अडकून बसते आणि मग मावळ्याचा गाल चांदीचा होतो.

लांब रेघांसाठी, भाल्याची काठी किंवा लगाम, तुळशीबागेतले नेल आर्टचे लांब केसांचे ब्रश बघा. स्वस्तात मिळतात, महिनाभर झकास चालतात, आणि मेले तरी कुणी सुतक पाळत नाही. तिथेच मेकअपचे मऊ, गोल, गुबगुबीत ब्रशही घ्या. जवळजवळ सुका रंग उंचवट्यांवर झटकायला, म्हणजे चिलखतावर किंवा तटबंदीच्या दगडांवर, त्यासारखं काही नाही. चांगले ब्रश मारण्याचा हमखास मार्ग म्हणजे त्यांच्याकडून हे काम करून घेणं.

ठेवायचं कसं

टोकावर उभा करून पाण्याच्या ग्लासात सोडलेला ब्रश अर्ध्या तासात वाकडा होतो. धुतल्यावर आडवा वाळवा. ओला असताना टोक वर करून उभा केला तर पाणी नळीत उतरतं, लाकूड फुगतं आणि दांड्याचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. सुकल्यावर खुशाल उभा ठेवा. जुलै-ऑगस्टात ओले ब्रश बंद डब्यात टाकलेत तर आठवड्यात बुरशी येते. खऱ्या केसांना तर कसरही लागते, लोकरीच्या स्वेटरला लागते तशीच. डब्यात एक डांबरगोळी टाकून ठेवा.

मेलेले ब्रश फेकू नका. त्या बहात्तरांपैकी अकरा अजून कामावर आहेत: चार रंग कालवतात, तीन गोंद लावतात, चार धूळ झाडतात. बऱ्याच जणांचे केस कापून मी १:७२ च्या सैनिकांच्या तळावर उंच गवत म्हणून रोवले, आणि ते चांगलं दिसतं. किल्ल्यावर मात्र अळीवच पेरायचे. भाची ऐकत नाही.